लायसन्स आहे, पण गाडी चालवत नाही

आपल्याकडे अशी माणसं घरोघरी आहेत. रीतसर शिकाऊ लायसन्स काढलं, आरटीओत जाऊन टेस्ट दिली, पक्कं लायसन्स हातात आलं, आणि पुढे त्याचा उपयोग काय तो विमानतळावर ओळखपत्र दाखवण्यापुरता. खाली पार्किंगमध्ये गाडी कव्हर घालून उभी आणि वर मोबाइलवर रिक्षा शोधणं चाललेलं. विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. "सवयच सुटली हो." "पार्किंग कुठे मिळतं सांगा?" "हे आहेत ना चालवायला." त्यामागचं खरं कारण बहुतेकदा भीती असतं. हा लेख अशा मंडळींसाठी आहे. त्यांत बायका जास्त दिसतात, पण पुरुषही कमी नाहीत. ते फक्त "मला ड्रायव्हिंगचा कंटाळा येतो" असं म्हणतात.

भीती वाटते यात कमीपणा काहीच नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त मृत्यूंचं कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. म्हणजे रस्त्यावरचा मोठा धोका घाबरणाऱ्यांकडून नाही, न घाबरणाऱ्यांकडून आहे. वेग आवर, अंतर ठेव, आरशात बघ, असं सांगणारी भीती जन्मभर जपावी. किल्लीलाच हात लावू न देणारी भीती मात्र घालवता येते.

पण ती आधी जात नाही. "जरा धीर आला की चालवायला घेईन" असं म्हणत लोक वर्षं काढतात आणि धीर काही येत नाही. भीती सोबत असतानाच थोडं थोडं चालवावं लागतं, मग कधीतरी ती मागे पडते. आता हे थोडं थोडं म्हणजे किती आणि कुठून, ते पाहू.

आधी वही घ्या आणि नेमकी कशाची भीती वाटते ते लिहा. "ट्रॅफिकची" एवढ्यावर थांबू नका. किल्ली फिरवल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत काय काय घडतं ते क्रमाने लिहा आणि छातीत धडधड कुठे सुरू होते तिथे खूण करा. माझ्या ओळखीच्या एक बाई ट्रॅफिकला घाबरतात असं त्यांच्या घरात सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. लिहायला बसल्यावर निघालं भलतंच. त्यांच्या इमारतीचं पार्किंग तळघरात. वर यायला वळणाचा रॅम्प, रॅम्पच्या तोंडाशी वॉचमनची खुर्ची आणि तिथून थेट वाहता रस्ता. एकदा रॅम्पच्या मध्यावर थांबावं लागलं, पुन्हा निघताना गाडी हातभर मागे आली, मागच्या गाडीने हॉर्नवर हात दाबून धरला, आणि वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. त्यांची भीती ही एवढीच होती, वीस पावलांच्या रॅम्पची. रस्त्यावर गाडी चालवायला त्यांना खरं म्हणजे आवडायचं.

त्यावर उपाय सोपा निघाला. काही आठवडे गाडी वर पाहुण्यांच्या जागेत लावायची आणि रॅम्प वेगळा शिकायचा. ऑफिसला जाणाऱ्या गाड्या निघून गेल्या की अकराच्या सुमाराला इमारत शांत होते. वॉचमनकाकांनाच सांगितलं, की तुम्ही खाली उभे राहा आणि मागून कुणाला येऊ देऊ नका. ज्या माणसासमोर लाज वाटत होती तोच मदतीला आल्याने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम हँडब्रेकचं. गाडी चढावर उभी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. उजवा पाय ब्रेकवरून काढून अॅक्सिलरेटरवर हलकेच ठेवायचा आणि क्लच सावकाश सोडत आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं, गाडी पुढे जायला ओढ घेतेय आणि हँडब्रेकने तिला धरून ठेवलंय हे अंगाला जाणवतं. क्लचचा पाय तिथेच थांबवायचा आणि हँडब्रेक खाली करायचा. गाडी मागे न येता पुढे सरकते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चढावर काही क्षण गाडी धरून ठेवणारी सोय असते, पण ती असली तरी ही पद्धत अंगवळणी असावी.

यादी लिहून झाली की बहुतेकांच्या लक्षात येतं की आपली भीती एकजिनसी नाही. थोडा भाग कौशल्याच्या कमतरतेचा असतो, थोडा लोकलज्जेचा, आणि काहींच्या बाबतीत जुन्या अपघाताचा. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. ज्याला गाडी चालवताच नीट येत नाही त्याला "घाबरू नकोस" म्हणून पाठीवर थोपटणं निरुपयोगी, इतरांसाठी धोक्याचंसुद्धा.

कौशल्याबद्दल जरा स्पष्टच बोलायला हवं. नियमाप्रमाणे मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये हलकं वाहन शिकवण्याचा काळ किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं. एवढं तुमच्या वाट्याला आलं होतं का, हे आठवून पाहा. शिवाय शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. सर भले असतात. गाडी बंद पडणार असं दिसलं की ते क्लच दाबतात, रिक्षा आडवी आली की ब्रेक लावतात, शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. मग घरची गाडी हातात येते, डावीकडे कुणाच्या पायाशी काही नसतं, आणि गाडी दोन गचके देऊन बंद पडते. अशा वेळी वाटणारी भीती खोटी नाही. ती खरी माहिती देत असते: क्लच शिकायचा राहून गेलाय. पुन्हा शिकवणी लावा, शक्यतो स्वतःच्या गाडीवर, आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा की गाडी बंद पडली तरी पडू द्या. मोठ्या शहरांत शिकवणाऱ्या बायकाही आता मिळतात. त्यांच्याकडे संकोच कमी वाटत असेल तर जरूर जा.

शिकवणीशिवाय घरच्या घरी करण्यासारख्या दोन गोष्टी. सपाट मोकळ्या जागेत पहिला गिअर टाकून, अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता, नुसता क्लच सावकाश सोडून गाडी पुढे सरकवायची, थांबवायची, पुन्हा सरकवायची. क्लच पुरेसा सावकाश सुटला तर गाडी निमूट चालू लागते. अर्धा तास हेच केलं की डाव्या पायाला जागा कळते, आणि ती एकदा कळली की सिग्नलला गाडी बंद पडण्याचं प्रमाण एकदम घटतं. दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. "डावी बाजू किती गेली तेच कळत नाही" ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. कुणाला तरी बाहेर उभं करून गाडी फुटपाथच्या कडेपासून फूटभर अंतरावर, सरळ रेषेत लावा. आता आपल्या सीटवरून बघा, की फुटपाथची कड समोरच्या काचेच्या खालच्या काठाला कुठे मिळते. तिथे छोटीशी टिकली चिकटवा. बायकांच्या पर्समध्ये ती असतेच. गल्लीबोळातून जाताना ही टिकली फार उपयोगी पडते. मात्र सीट पुढे-मागे केली की हिशेब बदलतो, त्यामुळे सीट आधी पक्की करा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली हवी. स्टिअरिंगला छाती चिकटवून, मान पुढे काढून बसणाऱ्याला बॉनेटच्या पलीकडचं फारसं दिसत नाही आणि खांदे दुखतात ते वेगळंच.

आता भीतीकडे वळू. भीतीची वस्तू सुखद वातावरणात, थोडी थोडी जवळ आणत नेली तर भीती उतरते, हे अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाच्या बाबतीत दाखवलं, त्याला आता शंभर वर्षं झाली. त्यांचा तो लेख १९२४ सालचा. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच धर्तीवर पायऱ्यापायऱ्यांची उपचारपद्धती मांडली. आपली भीती शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजायची त्यांची युक्ती आजही वापरतात. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच पुढच्या वेळची भीती वाढते, ही यातली मेख. आज रिक्षाने गेलात की उद्या गाडी काढणं आजच्यापेक्षा अवघड होतं.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे शून्य ते शंभर असा आकडा टाका. वीस-तीसवाल्या गोष्टीपासून सुरुवात करा, नव्वदवाल्याकडे इतक्यात बघूसुद्धा नका. रविवारी सकाळी साडेसहा ही वेळ आपल्या शहरांत सोन्यासारखी. दूधवाले, पेपरवाले आणि चालायला निघालेले आजोबा सोडले तर रस्त्यावर कुणी नसतं. (आजोबा मात्र रस्त्याच्या मधोमध चालतात, त्यांना जपा.) पहिली फेरी अशी आखा की फक्त डावीकडेच वळायचं. आपण डाव्या हाताने चालणारे लोक असल्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणारा रस्ता ओलांडावाच लागत नाही. घरातून निघून डावी, डावी, डावी, डावी घेतली की घर. या फेरीचा तुम्हाला कंटाळा येईपर्यंत तीच करा. कंटाळा येणं ही पुढच्या पायरीवर जायला हरकत नसल्याची खूण. मग सिग्नल असलेल्या चौकात उजवं वळण, त्यानंतर सिग्नल नसलेला चौक, उड्डाणपूल, संध्याकाळची वेळ, रात्र, पाऊस. क्रम ज्याचा त्याने लावावा, कारण कुणाला पुलाची भीती जास्त तर कुणाला रात्रीच्या समोरच्या दिव्यांची. दोन फेऱ्यांमध्ये पंधरा-पंधरा दिवस जाऊ देऊ नका. रोज वीस मिनिटं ही महिन्यातून एकदा केलेल्या तीन तासांपेक्षा चांगली.

मधेच जीव घाबरा झाला तर? हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आता आपल्याला काहीतरी होणार असं वाटतं. हे अॅड्रिनलिनचं आणि भराभर घेतलेल्या श्वासांचं काम. श्वास जोरजोरात घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून मुंग्या आणि गरगर. त्रासदायक असलं तरी ते काही मिनिटांत ओसरतं. डावा इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी घ्या, पार्किंगचे चारी दिवे लावा, आणि श्वास घेण्याकडे लक्ष न देता सोडण्याकडे द्या, लांब, सावकाश. लाट ओसरेपर्यंत थांबा. आणि मग, हे महत्त्वाचं, थोडं तरी अंतर स्वतःच चालवा. भीती शिगेला असताना किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली तर मेंदू एवढंच शिकतो की सुटका झाली. शांत झाल्यावर पुढच्या चौकापर्यंत नेऊन मग दिली तर हरकत नाही. अर्थात छातीत दुखत असेल, घेरी येऊन डोळ्यांपुढे काळोख येत असेल, तर तिथे मन वगैरे काही नाही. गाडी सोडा आणि डॉक्टर गाठा.

हॉर्नबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण आपल्याकडची निम्मी भीती अपघाताची नसून हॉर्नची असते. सिग्नल हिरवा होतो, गाडी बंद पडते, मागे पों पों सुरू होतं आणि घामाने हात ओले. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीतून रुजवली. त्या पद्धतीने पाहिलं तर इथे त्रास हॉर्न देत नाही. "माझ्यामुळे कुणाचाही खोळंबा होताच कामा नये" हा आपण स्वतःवर लादलेला हुकूम देतो. होऊ दे की दहा सेकंदांचा खोळंबा! मागचा माणूस पुढच्या सिग्नलला पुढच्याच्या नावाने हॉर्न वाजवणार आहे, तुमचं त्यात विशेष काही नाही. रिकाम्या मैदानात गाडी मुद्दाम बंद पाडा आणि चालू करा: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, किल्ली, पहिला गिअर. हात आपोआप त्या क्रमाने चालू लागेपर्यंत करा. ज्याला गाडी चालू करता येते त्याला ती बंद पडण्याची धास्ती फारशी राहत नाही.

हॉर्नहून मोठा अडथळा घरातून येतो आणि डाव्या सीटवर बसतो. "अगं, क्लच सोड! सोड क्लच! अगं, ब्रेक!" हे ऐकत शिकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींनी शिकणं सोडून दिलं आहे. नवऱ्याने बायकोला, बापाने मुलाला आणि मुलाने आईला गाडी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवणीनंतर सरावाला मात्र सोबत लागते. तेव्हा घरातून निघण्याआधीच करार करावा. "अहो, तुम्ही फक्त 'थांब' एवढंच बोलायचं, आणि तेही समोर खरोखर काही आडवं आलं तर. बाकीचं घरी आल्यावर चहा घेताना सांगा." सोबतीला येणाऱ्याने मोबाइल बघत बसू नये आणि नसलेला ब्रेकही दाबू नये. असा माणूस घरात नसेल तर मैत्रीण बघा, धाकटी बहीण बघा. जिला स्वतःला भीती वाटायची आणि आता वाटत नाही अशी कुणी मिळाली तर फारच छान.

एक्स्प्रेस वेला लोक विनाकारण सर्वात वरच्या पायरीवर ठेवतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर चौक नाहीत, सिग्नल नाहीत, दुचाकींना आणि पादचाऱ्यांना परवानगी नाही, समोरून कुणी येत नाही. शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरून जायला याहून जास्त धैर्य लागतं. तिथली खरी मागणी म्हणजे पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर, स्थिर वेग आणि लेनची शिस्त. डावी किंवा मधली लेन धरावी, उजवी फक्त ओव्हरटेकपुरती. घाटाचं म्हणाल तर पहिला घाट निवडताना चढणारी आणि उतरणारी वाहतूक वेगळी असलेला निवडा, उदाहरणार्थ कसारा. ताम्हिणी, वरंधा, आंबोली हे समोरासमोर गाड्या येणारे घाट नंतर, आणि पहिल्यांदा जाताना पावसाळा टाळून. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद जागी गाठ पडली तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे.

ऑटोमॅटिक गाडी घ्यावी का, असं बरेच जण जरा ओशाळून विचारतात. घ्यावी. क्लचची कटकट गेली तर रस्त्याकडे बघायला डोकं मोकळं राहतं, आणि हलक्या वाहनाचं लायसन्स तिलाही चालतं. एवढंच, की दोन्ही पेडल उजव्याच पायाने वापरायची आणि डावा पाय बाजूला निवांत ठेवायचा.

अपघातानंतर बसलेली भीती मात्र वेगळ्या जातीची. तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, झोपेत दचकून उठणं, त्या रस्त्याचं नाव काढलं तरी अंग थरथरणं, हे महिन्याहून अधिक टिकलं तर या लेखातल्या पायऱ्यांवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा आघातावर चांगले उपचार आहेत. कुणाकडे जावं ते कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. भीती घालवायला झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी घेऊन गाडी चालवणं हा वेडेपणा आहे. पन्नाशीनंतर रात्रीचे दिवे अचानक डोळ्यांत खुपायला लागले असतील तर आधी डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूचा दोष मनाच्या माथी मारू नका.

सुरुवात करायची ठरलीच असेल तर पर्समधलं लायसन्स बाहेर काढून त्यावरची मुदत बघा. मुदत संपून वर्षापेक्षा जास्त काळ झाला असेल तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते. विम्याची तारीख आणि टायरमधली हवा पाहा. आणि गाडी महिनोन्महिने कव्हरखाली उभी असेल तर बॅटरी उतरलेली असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा मेकॅनिकला शनिवारीच बोलावून घ्या, म्हणजे रविवारी सकाळी साडेसहाला तेवढं एक निमित्त तरी उरणार नाही.